शून्यावरची जागा

मेमरीतली अगदी सुरुवातीची, शून्यापासूनची थोडी जागा आम्ही मुद्दाम रिकामी ठेवतो. चुकलेला प्रोग्राम बहुतेक वेळा तिथेच जाऊन धडकतो. जागा रिकामी असली की तो बंद पडतो, विषय संपला. तिथे कुणी बसलेलं असलं, तर तो त्याचं ऐकायला लागतो. म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ कारभाऱ्यात, एक मर्यादा असते: हिच्याखाली कुणाला जागा नाही. ती किती असावी हे ठरवणं माझं काम.

आमचं कर्नल हॉस्पिटलमधल्या श्वासाच्या यंत्रांवर चालतं. त्यातल्या एका यंत्रावर माझी ताई होती. त्यामुळे ऑफिसातल्या चाचणीच्या यंत्रावर मर्यादा शून्य दिसली तेव्हा मी हातातलं बाकी सगळं काम सोडलं.

संशय सरळ मास्तरांवर गेला. आमच्यातले सगळ्यांत जुने; काहीही फळ्यावर लिहून समजावतात, म्हणून मास्तर. त्यांच्या एका जुनाट प्रोग्रामला शून्यावरचीच जागा लागायची आणि त्याच्यापायी ते दर बैठकीत माझ्याशी हुज्जत घालायचे.

"तुम्हीच उतरवलीत ना?"

"मी भांडतो ते तोंडावर," ते म्हणाले. "आणि तो प्रोग्राम कधीच काढून टाकलाय मी."

माझा काही विश्वास बसला नाही. मी त्यांचा पासवर्ड बंद केला, नेटवर्कची वायर उपटली, मर्यादा वर नेली आणि यंत्रासमोर ठाण मांडलं. माझ्या डोळ्यांदेखत आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

मास्तर मागेच उभे होते. "आत बघ," ते म्हणाले.

जिथे काहीच नसायला हवं होतं तिथे आकडे होते. श्वास चालल्यासारखे फुगत होते, ओसरत होते, जरा थांबून पुन्हा फुगत होते. यंत्राला पेशंट जोडलेलाच नव्हता. मला भीती वाटली.

"असू दे त्याला," मास्तर हळूच म्हणाले. "कुणाचं काय बिघडवतोय?"

"आणि ताईच्या यंत्रात असला तर?"

ते बाजूला झाले.

मी मर्यादा कर्नलमध्येच पक्की केली, चालू यंत्रावर कुणालाच हलवता येणार नाही अशी. नवं कर्नल सगळ्या यंत्रांवर गेलं. खालची जागा रिकामी झाली, आणि मला हायसं वाटलं.

दुपारी ताईकडे गेलो. ती पलंगाच्या कडेला, कठड्याला चिकटून झोपली होती.

"अगं, पडशील. आत सरक."

तिने मास्क जरासा उचलला.

"हळू बोल. आत्ताच झोपलाय. जागा गेली म्हणत होता."

मी चादरीच्या मोकळ्या बाजूवर हात ठेवला.

चादर उबदार होती. हाताखाली ती सावकाश वर आली, आणि खाली गेली.