कोशाचा धागा अडतो तिथे

पवनीच्या मेडिकलमध्ये रेणूनं स्पिरिटच्या बाटल्या मागितल्या, तेव्हा मागे उभ्या असलेल्या तरुणानं काळजीनं विचारलं, “कोणाले जास्त लागलं काय जी?”

“नाही. मशीनले पाहिजे.”

“मशीनले…” तो क्षणभर थांबला. “सुई पण टोचता का तिले?”

रेणूला हसायचं नव्हतं. सकाळपासून तिचं डोकं तापलेलं होतं. तरी ओठांचा एक कोपरा हललाच, आणि तो त्यानं पाहिला.

त्याचं नाव अश्विन. बसस्टँडजवळ तो शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचा. मशीन कसली, तिला झालंय काय, हे तो दुकानाच्या पायरीवरच विचारत राहिला. ती सांगत गेली.

रेणूच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणला जायचा. भंडाऱ्याला डिप्लोमा करून आल्यावर तिनं परसातल्या खोलीत सुटे भाग जोडून एक लहान सीएनसी राउटर उभा केला होता. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी तो लाकडात कोरायचा. पण यंदा आईच्या मागाची एक पट्टी झिजून गेली. ताण्याचे धागे जिच्या खाचांतून ओळीनं सरकतात, ती. तशी पट्टी आता कुणी बनवत नव्हतं. वडील टेकचंद म्हणाले, होळीनंतर माग काढूनच टाकू. आई कौशल्याबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच रेणूला सहन झालं नाही. पट्टी मी करते, ॲल्युमिनियमची करते, असं तिनं सांगून टाकलं.

राउटरनं ॲल्युमिनियम कापलं खरं, पण खाचा निघाल्या नांगरलेल्या वावरासारख्या. कोशाचा धागा त्यात अडायचा, पिंजायचा, तुटायचा.

“पाहाले येऊ?” अश्विननं विचारलं.

“या. पण हात लावाच्या अगोदर विचाराचं.”

तो संध्याकाळी आला. वैनगंगेकडून गार वारा येत होता. दोघांनी कापणाऱ्या बिटाचं टोक उजेडात धरलं. ॲल्युमिनियम वितळून धारेला चिकटलं होतं. स्पिरिटचे थेंब टाकल्यावर चिकटणं कमी झालं, पण खरखर राहिली. बिट लाकडासाठीचं होतं, दोन धारांचं, त्यात कापलेला चुरा बाहेर पडायला जागाच नव्हती. रेणूनं नागपूरहून एका धारेचं मागवलं. ते आलं त्या दिवशी अश्विनही पुन्हा आला. खाच थोडी सुधारली… थोडीच.

अश्विननं खालचा चुरा चिमटीत घेतला. पीठ होतं ते, नुसतं पीठ. “हे कापून नाही राहिली, घासून राहिली,” तो म्हणाला. “घास घेऊ द्या न तिले.”

रेणूनं आजवर भीतीनं मशीन हळू चालवलं होतं. आता तिनं बिटाचं फिरणं कमी केलं आणि पुढे सरकणं वाढवलं. ओठ दाबून ती बटणावर बोट ठेवून उभी राहिली. आवाज बदलला. चुऱ्याच्या जागी चकचकीत बारीक कुरळ्या उडू लागल्या. एक अश्विनच्या केसांत अडकली. तिनं ती काढली, आणि मग दोघंही उगाचच खिडकीबाहेर बघू लागले.

अजून एक खोड उरली होती. खाचेच्या तळावरून नख एका बाजूनं गुळगुळीत जायचं आणि उलट फिरवलं की अडायचं. रेणूनं बराच विचार केला. बिट सरळ उभं नसेल, किंचित कललं असेल, असं तिला वाटलं. तिनं बिटाच्या जागी वाकवलेली तार बसवली आणि ती हातानं गोल फिरवून चारही बाजूंना खाली कागद सरकवून पाहिला. एका बाजूला कागद अडत होता.

“हात लावू?” अश्विननं विचारलं.

“लावा.”

त्यानं वरचा आडवा दांडा हलवला. एक चाक सैल होतं. तो पाना फिरवत गेला, ती कागद सरकवत गेली. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की त्याच्या शर्टातून मोटरीच्या वार्निशचा वास तिला येत होता. शेवटी कागद सगळीकडे सारखा सरकला. रेणूनं कापण्याचा शेवटचा हात केसाएवढा पातळ ठेवला आणि मशीन सुरू केलं.

कौशल्याबाईंनी डोळे मिटून नव्या खाचेतून धागा ओढला. पुन्हा ओढला. मग पट्टी घेऊन त्या मागाकडे गेल्या.

अश्विन हत्यारं गोळा करत होता. “तुमची मशीन सुधरली,” तो हळूच म्हणाला. “आता मी कोणत्या निमित्तानं येऊ?”

“निमित्त कायले पाहिजे?”

“पाहिजे…” त्याची नजर खाली होती. “मले तू आवडते, रेणू. पण आमची वस्ती कोणती, आमचं घर कोणतं, तुह्या बाबाले माहीत आहे. माह्यापायी तुह्या घरातलं बोलणं बंद व्हाले नको.”

तो गेला, आणि खरंच परत आला नाही.

रेणूनं बरेच दिवस वाट पाहिली. मग एकदा जेवताना तिनं वडिलांना सरळ सांगितलं, मले अश्विनसोबत लग्न कराचं आहे. टेकचंद ताटावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ते उठले नाहीत, फक्त मान हलवून नाही म्हणाले. आईनं मात्र त्या रविवारी स्वतः विणलेली ओढणी तिच्या हाती दिली. “जाऊन ये,” एवढंच म्हणाली.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गाव गेल्यावर अश्विनचं घर नव्या गावठाणात, विहाराच्या मागे वसलं होतं. त्याची आई पंचफुलाबाई अंगणात लाखोळीची भाजी निवडत होत्या. रेणूनं स्कूटी लावली आणि समोर जाऊन उभी राहिली.

“मी रेणू. अश्विनले मागाले आली.”

पंचफुलाबाईंचे हात थांबले. दारात अश्विन आला आणि तिथंच खिळून राहिला.

“घरी माहीत आहे?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“माय हो म्हणते. बाबा आज नाही म्हणून राहिले. पण घरातलं बोलणं मी बंद होऊ देणार नाही.” हे ती अश्विनकडे पाहून म्हणाली.

पंचफुलाबाई तिला निरखत राहिल्या. “आमच्याकडे जेवशील?”

“भूक लागली आहे.”

पंचफुलाबाई उठल्या. त्यांनी ओसरीवर चटई अंथरली, ताट वाढून आणलं. भात, वाफाळती भाजी, कांदा. रेणूनं मांडी घातली आणि पहिला घास घेतला. अश्विन अजून दाराची चौकट धरूनच होता.

“तू काय उभा राहून राहिला?” त्याची आई म्हणाली. “बस न तिच्या बाजूले.”