शून्य क्रमांकाची खोली

"सामंतसाहेब, बाराव्यांदा बंद पडला तुमचा प्रोग्रॅम," अंधेरीच्या नेत्र रुग्णालयाचे व्यवस्थापक परुळेकर फोनवर म्हणाले. "पुन्हा द्रौपदीच्याच खिडकीवर. तुमची चिठ्ठी आहेच हातात. दुपारी तिला कायमची घरी पाठवतो."

चिठ्ठी म्हटल्याबरोबर बळवंत सामंत खुर्चीत सरळ झाले. कालच मरोळच्या या ऑफिसात बसून त्यांनी तिच्यावर सही केली होती. 'प्रोग्रॅम १९८१ पासून सहा वर्षं निर्दोष चालला आहे. चूक चालवणाऱ्याची असावी.' त्या मुलीला एक शब्द न विचारता!

"थांबा," ते घाईघाईने म्हणाले. "मी येतो."

रुग्णालयात नोंदणीच्या दोन खिडक्या होत्या. एकीवर भीमराज, दुसरीवर द्रौपदी. गेल्या महिन्यात आलेल्या नव्या मशीनला दोघांचे पडदे जोडलेले. द्रौपदीची नोकरी अजून कच्ची होती.

"खुर्च्या बदलून पाहिल्यात?" बळवंतांनी विचारलं.

"पाहिल्या की," परुळेकर म्हणाले. "भीमराजला तिच्या जागी बसवलं. तरी पडला तो तिच्याच हाताखाली. आता बोला!"

बळवंत काय बोलणार? प्रोग्रॅम सी भाषेतला. नव्या मशीनसाठी त्यांनीच तो पुन्हा कंपाइल केला होता, म्हणजे त्या मशीनच्या भाषेत उतरवून घेतला होता. वेग वाढवण्यासाठी कंपायलर सूचनांची जी काटछाट करतो, ती बंद करूनही पाहिली होती. फरक शून्य.

ते द्रौपदीशेजारी स्टुलावर टेकले.

"कुठली कळ दाबल्यावर पडतो?"

"शेवटची, सर. कार्ड छापायची."

"दर वेळी?"

"नाही ना! दिवसाला चाळीस कार्डं निघतात. एखादंच अडतं." तिने ड्रॉवरमधून वही काढली. "ही बघा, अडलेली सगळी नावं लिहून ठेवलीत. बाराच्या बारा बायका."

"पुरुष एकही नाही?"

"एकही नाही."

"बायका माझ्याकडेपण येतात, सर," भीमराज पलीकडून हसला. "माझा कधी पडत नाही. हिच्या हातातच शनी आहे."

"तुझ्या जिभेवर आहे तो," द्रौपदी पुटपुटली.

खिडकीशी वर्सोव्याच्या अंजनाबाई उभ्या होत्या. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. कार्डाशिवाय खाट मिळत नसे.

"नवऱ्याचं नाव, आजी?"

म्हातारीने तोंडाला पदर लावला. "लग्नात उखाण्यात घेतला तवरा बस झाला, पोरी!"

द्रौपदी हसली, पुढच्या रकान्याकडे सरकली. बाकीची माहिती भरून तिने शेवटची कळ दाबली. पडद्यावर एक ओळ उमटली आणि प्रोग्रॅम मेला.

"लागली वाट!" भीमराज ओरडला. त्याच्याही खिडकीवर एक बाई नवऱ्याच्या नावाला अडली होती. "मी टिंब मारतो बुवा. कार्ड निघाल्याशी मतलब."

त्याचं कार्ड निघालं.

बळवंतांनी आधी ते कार्ड पाहिलं, मग द्रौपदीचा पडदा. त्यांचा चेहरा उतरला.

"परुळेकर," ते हळूच म्हणाले, "गुन्हेगार सापडला."

"द्रौपदीच ना?"

"नाही. त्याच रकान्यात पुरुष वडिलांचं नाव देतात, ते अडत नाहीत. अडलेल्या बाईला ही छळत नाही, रकाना रिकामा सोडते. भीमराज टिंब मारतो, म्हणून त्याच्याकडे रकाना कधीच रिकामा नसतो. खुर्ची बदलली, तरी ज्याची त्याची सवय सोबत गेली."

"पण रिकामा रकाना तर जुन्या मशीनवरही चालायचा!"

"तिथेच मी फसलो. नाव मशीनच्या मेमरीतल्या कुठल्या खोलीत ठेवलंय, त्याचा पत्ता प्रोग्रॅम जवळ बाळगतो. नाव नसेल तर पत्ता शून्य. जुन्या मशीनवर ती शून्य क्रमांकाची खोली उघडी होती, आणि रिकामी. माझा प्रोग्रॅम आत डोकावून मुकाट परत यायचा. नव्या मशीनवर तिला कुलूप आहे. हात लावला की मशीन त्याला जागीच मारतं. आत शिरण्याआधी पत्ता शून्य तर नाही ना, एवढं विचारायचं असतं. मी विचारलं नाही."

बळवंतांनी खाली मान घातली.

"आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी हा लिहिला तेव्हा आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम तपासायला रत्नप्रभाबाई होत्या. त्यांनी विचारलं होतं, रिकामं सोडलं तर? मी सोडून पाहिलं. चाललं. का चाललं, ते बघायचं राहूनच गेलं."

"सर," द्रौपदी म्हणाली, "मला काल विचारलं असतंत, तर कालच वही दाखवली असती."

बळवंतांनी प्रोग्रॅममध्ये पत्ता तपासणारी एक ओळ घातली, पुन्हा कंपाइल केला. अंजनाबाईंचं कार्ड निघालं. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी. म्हातारीने ते डोळ्यांजवळ नेलं, दिसलं काहीच नाही, तरी खूश झाली.

बळवंतांनी परुळेकरांकडून कालची चिठ्ठी मागून घेतली, फाडली आणि नवी लिहिली. पण ती त्यांच्या हातात देण्याआधी द्रौपदीपुढे धरली.

"आधी तुम्ही वाचा. बरोबर आहे का, सांगा."

'द्रौपदी यांचा दोष नाही. प्रोग्रॅम मी लिहिला. चूक माझी असावी.'

तिने शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

बळवंतांनी पेन उघडलं, 'असावी' खोडलं आणि 'आहे' लिहिलं.