थांबवलेल्या ओळीवर

लसींच्या खोलीत एक फ्रीज, एक संगणक, दोन खुर्च्या आणि आम्ही तिघं होतो. फ्रीजमध्ये पाण्याची बाटली, बाटलीत वायरीच्या टोकाचा सेन्सर. तापमान आठ अंशांच्या वर गेलं की भोंगा वाजावा, असा प्रोग्राम सैफनं लिहिला होता. धानोऱ्याजवळच्या या आरोग्य केंद्रातच, १९९९च्या पावसाळ्यात, तो हिवतापानं गेला. तेव्हापासून फ्रीज थंड असूनही भोंगा वाजायचा. म्हणून प्रोग्राम तपासायला मला चंद्रपूरहून बोलावलं होतं.

"मेल्यावरबी पोरगं झोपू देऊन नाई राह्यलं," औषधं सांभाळणारे गुणवंतराव म्हणाले. "चूक सापडत नसन त आजच पुसून टाका."

"एवढंच राह्यलं त्याचं," फरहत सिस्टर म्हणाल्या. सैफच्या त्या मोठ्या बहीण. "चूक काढा भाऊ, पण पुसू नका."

मी डीबगर सुरू केला. तो चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवतो. मग एकेक ओळ पुढं सरकत प्रत्येक आकडा तपासता येतो. सेन्सरकडून आकडा घेणाऱ्या ओळीनंतर थांबलो. पडद्यावर ४०.६. बाटलीत पाऱ्याचा तापमापक बुडवला. पाच. सगळ्या ओळी तपासल्या, चूक नव्हती. शेवटी सेन्सरची वायर उपटली आणि प्रोग्राम पुन्हा त्याच ओळीपर्यंत आणला.

४०.६.

"आपल्या तापाच्या थर्मामीटरात किती होते हे?" सिस्टरनी विचारलं.

मी फॅरनहाइटमध्ये हिशेब केला. "एकशे पाच."

त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "याच्यानंतर त्याचा ताप एकशे सहा होता. मीच पाह्यला."

थांबलेल्या प्रोग्राममध्ये आकडा बदलत नाही. बदलायला एखादी ओळ चालावी लागते.

४०.८.

४१.१.

"भाऊ, थांबवा न. पुढं नका जाऊ देऊ त्याले."

"ताई, थांबवलेलाच आहे."

गुणवंतरावांनी भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला. सिस्टरनी तो अडवला.

"राहू द्या. बसते मी त्याच्यापाशी."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. गुणवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली.

३९.

३६.

३३.

दुपार उतरली. आकडा बराच वेळ हलला नाही, तेव्हा मी तापमापक पुसून खोलीतली हवा मोजली. एकोणतीस.

पडद्यावर २९.०.