लगाम काढलेलं रक्त

सापाच्या विषावर औषध बनवणाऱ्या त्या केंद्रात अबोली घोडीचं फार कौतुक. इतर घोड्यांच्या अकरापट प्रतिपिंडं तिच्या एकटीच्या रक्तात मिळत. सकाळी नऊला ती व्याली, तेव्हा शास्त्रज्ञ इरावती सामंत स्वतः तबेल्यात हजर होती. पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत ती गवताच्या गासडीवर टेकली होती.

"हे अकरापट झालं कसं, ते एकदा नीट सांग," नव्यानेच आलेला पशुवैद्य विराज पाध्ये म्हणाला.

"प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच्या पटलावर एक प्रथिन असतं. लगामी प्रथिन म्हणतो आम्ही त्याला. पेशी उधळायला लागली की ते तिला आवरतं. आम्ही ते कायमचं बंद केलं. आता विषाचा कण दिसला की पेशी थांबतच नाही."

"आणि विषाखेरीज दुसरं काही परकं दिसलं तर?"

"तरी नाही थांबणार. पण इथं तबेल्यात परकं काय येणार?" नवख्याने शंका काढलेली इरावतीला खपत नसे. आपल्या कामावर तिचा जरा जास्तच जीव होता.

शिंगरू धडपडत उभं राहिलं आणि आईच्या कासेकडे निघालं.

"हे परकं आहे," विराज सावकाश म्हणाला. "अर्धं रक्त बापाचं. गाभण असताना याचे दोन-चार थेंब आईच्या रक्तात उतरतात. साधी घोडी त्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण हिला लगामच नाही."

इरावती उठलीच. "चाचा, धरा त्याला! चीक पिऊ देऊ नका!"

मोतद्दार रशीदचाचांनी शिंगराला कवेत घेतलं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. "बाई, चिकाबिगर शिंगरू जगत न्हाई. चाळीस वर्सं मी पहिल्या तासातच पाजतोय."

"बरोबरच करता. आईची प्रतिपिंडं त्याला चिकातूनच मिळतात. पण हिची याच्याच रक्तावर उठली असतील."

विराजने काचपट्टीवर चिकाचा थेंब घेतला आणि त्यात शिंगराच्या रक्ताचा थेंब सोडला. बघता बघता रक्ताच्या गुठळ्या झाल्या. चाचांनी मुकाट्याने शिंगराला मुसकं बांधलं. मग दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक कोमट करून आणला, मुसकं सोडून बाटली लावली. शिंगरू हावरटासारखं लुचायला लागलं.

"वाचलं," चाचा म्हणाले. "पोटात असताना कसं काय झालं न्हाई याला?"

"घोडीच्या वारेतून प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत," विराज म्हणाला. "बाईमाणसाचं वेगळं. तिच्या वारेतून ती बाळाला..."

तो बोलायचा थांबला, कारण इरावती पांढरीफटक पडली होती. गेल्या वर्षी हे तंत्र माणसाला चालतं का ते पाहायला पहिली सुई तिनेच हट्टाने टोचून घेतली होती. ती फार घाबरली होती, तरी आवाज शांत ठेवून म्हणाली, "माझं रक्त काढ. आणि श्रीधरला बोलावून घे."

तिचा नवरा तासाभरात आला. दोघांचा रक्तगट एकच होता, त्यामुळे एरवी काही व्हायला नको होतं. विराजने तिच्या रक्तद्रवात श्रीधरच्या रक्ताचा थेंब सोडला आणि काचपट्टी उजेडात धरली. गुठळ्या व्हायला शिंगराइतकाही वेळ लागला नाही.

 चाचांनी विचारलं, "आता वं बाई?"

"शिंगराला मुसकं बांधलंत, चाचा," इरावती म्हणाली. "माझं बाळ पोटात कधीचं पितंय."