सातवा डबा आणि ओउलूचा मोजणीदार

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मी सावो भागातली आहे. आमच्याकडे बोलणाऱ्याने बोलायचं आणि खरं-खोटं ऐकणाऱ्याने निवडून घ्यायचं, अशी वाटणी आहे. पण सरकारी मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला मी, हिल्का काउप्पिनेनने, माउसच्या एका टिचकीत आठवडाभर माझ्या परसात नाचवलं. हे खोटं असेल तर या सभागृहातली कॉफी मला जन्मभर गार मिळो!

तो बघा, खिडकीपाशी बसलाय ना पाव कुरतडत, तोच. ताइस्तो. चेहऱ्यावर जाऊ नका. वीस वर्षांपूर्वीही तो असाच बंद दारासारखा होता.

तुम्ही सगळे डबे शोधणारी माणसं. कुणीतरी रानात डबा लपवतो, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो, तुम्ही शोधता, आतल्या वहीत सही करता, डबा परत जागेवर ठेवता. आज तुमच्या फोनमध्ये सगळं आपोआप येतं. तेव्हा तसं नव्हतं. आकडे हाताने नकाशाच्या प्रोग्रामात भरायचे, मग तारेने जागा दाखवणाऱ्या त्या हातातल्या यंत्रात चढवायचे. आणि आमच्या हाउक्कानिएमी गावात तो प्रोग्राम होता एकाच संगणकावर, वाचनालयात. त्या संगणकासमोर बसायची मी.

जूनचा सोमवार होता. बाहेर तिरपा, बारीक, न थांबणारा पाऊस... दार उघडलं आणि एक लांबलचक माणूस आत आला. टोपीवरून पाणी नव्या मासिकांवर ठिबकत होतं.

"नकाशावर आकडे चढवायचेत," तो म्हणाला.

"आधी टोपी उतरवा. मासिकं पोहायला लागली."

त्याने टोपी उतरवली. आणि डोळे दिसले... सरोवर गोठायच्या आदल्या दिवशी पाण्याला जो रंग येतो ना, तो. मी सत्तावन्न वर्षांची होते. घर होतं, बोट होती, वाफ घ्यायचा सौना होता, बटाट्यांचे चार वाफे होते. नव्हतं ते एवढंच — मी बोलल्यावर समोरून उत्तर देणारं कुणी. आणि मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

"कुठून आलात?"

"ओउलू."

"किती दिवस?"

"रविवारची बस."

बघा! तिकडे उत्तरेत, ओउलूकडे शब्द रेशनवर मिळतात.

त्याने वही पुढे केली. सात डबे. अक्षर छापल्यासारखं. मी मनात हिशोब केला, अशा माणसाला सात डबे म्हणजे दोन दिवसांचं काम. मग उरलेले दिवस तो कुठे जाणार? दुसऱ्या गावात. दुसऱ्या वाचनालयात. दुसऱ्या कुणाच्या तरी मासिकांवर ठिबकायला!

...आणि माझं बोट घसरलं.

आता तुम्हाला माहीतच आहे, डब्याची जागा आपण अंश आणि मिनिटांत लिहितो. बासष्ट अंश, तीन पूर्णांक नऊशे बारा मिनिटं, अशी. पण प्रोग्रामात वरच्या कोपऱ्यात एक पर्याय असतो, तो बदलला की प्रोग्राम मिनिटं विसरतो आणि तेच आकडे अंशांचे दशांश समजून गिळतो. नकाशा तोच, आकडे तेच, डबा मात्र कोसभर लांब. तुमच्यापैकी निम्मे याच चुकीपायी दलदलीत उतरलेत, हसू नका. फक्त तुम्ही चुकून केलंत. मी मुद्दाम केलं.

आणि त्या सात डब्यांच्या खुणा सरकून पडल्या कुठे? सातच्या सात माझ्या परसात!

"हिल्कामावशी, काहीतरीच!" — ही आमची हेल्मी, शिकलेली मुलगी.

"अगं, याला नशीब म्हणतात. तुमच्या विद्यापीठात शिकवत नाहीत. पाव घे."

दोनला वाचनालय बंद केलं आणि सायकल अशी हाणली की पाऊस मागे पडला. कॉफीचा लाल डबा रिकामा केला, आत वही-पेन्सिल घातली, माशाच्या गळाचं एक लाकडी तरंगणं ठेवलं आणि डबा रास्पबेरीच्या झुडपाखाली सरकवला. पाच मिनिटांत तो आलाच. यंत्र दोन्ही हातांत पुढे धरलेलं, सुपाचा भरला वाडगा आणावा तसं.

"तुम्ही?" मी म्हणाले. नाटक कंपनीत असते तर मला बक्षीस मिळालं असतं.

"आकडे इथेच आणतात," तो म्हणाला.

"आकड्यांना अक्कल असते तर!"

त्याने डबा काढला, सही केली. तरंगणं उचललं आणि खिशातलं पितळी बटण आत टाकलं. घेतलं तर ठेवायचं, ही रीत तुमच्यात अजून आहे ना? मी कॉफी विचारली. तो बसला. मी बोलले, तो प्यायला. तीन कप.

सातही डबे एकाच परसात, पण हा पठ्ठ्या दिवसाला एकच शोधायचा.

"बाकीचे आजच उरकून टाका की!" मी मंगळवारी म्हणाले. जीव मुठीत धरून म्हणाले हं.

"घाई नाही."

मंगळवारचा डबा सौन्याच्या पायरीखाली होता. बुधवारचा बोटीत ठेवला, तर तो पाइक माशाने गिळला. हो, डब्यासकट! मी त्याच संध्याकाळी तो मासा धरला, शेपू घालून भाजला, आम्ही दोघांनी खाल्ला. वहीला फक्त जरासा वास लागला. डास त्या वर्षी असे माजले होते की त्यातल्या दोघांनी मिळून ताइस्तोची टोपी उचलली आणि चर्चच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवली. पाद्रीबाबा शिडी लावून चढले. विचारा त्यांना. म्हणजे, आता नाही विचारता येणार, बिचारे गेले.

पण मला काय सांगायचंय... ती वही. सोमवारी त्याने लिहिलं, "सापडला. धन्यवाद." मंगळवारी, "सापडला. धन्यवाद. कॉफी चांगली होती." बुधवारी माशाबद्दल एक ओळ. आणि गुरुवारी — मी अंगणात बटाट्यांना माती लावत होते, डोक्याला निळा रुमाल होता — गुरुवारी त्याने लिहिलं, "सापडला. निळा रंग बरा दिसतो."

ओउलूच्या माणसाकडून! मी ते तीनदा वाचलं. मग कोंबड्यांना वाचून दाखवलं. त्यांनी त्या दिवशी दोन-दोन अंडी घातली.

शुक्रवारी तो कप खाली ठेवून उभा राहिला. कान लाल.

"हात द्या."

"कशाला? मोजायचाय?"

"'तुम्ही' पुरे झालं आता. मी ताइस्तो."

आमच्या वयाची माणसं 'तू'वर येतात ती अशी रीतसर, हात मिळवून. मी मातीचा हात तसाच पुढे केला. "मी हिल्का." हात मिळवला की सोडायचा असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं... पण आधी कोण सोडणार? सुटला तेव्हा कॉफीवर साय धरली होती.

शनिवारी सकाळी सहावा डबा सापडला. आणि सातवा?

सातवा मी ठेवलाच नाही.

माझ्याकडे कॉफीचे डबे संपले नव्हते हं! पण एकही डबा अर्धवट न सोडणारा माणूस हा. त्यानेच सांगितलं होतं, दोनशे चौदा शोधले, दोनशे चौदा सापडले. मग एक सापडलाच नाही तर तो जाईल कसा? शनिवारभर त्याने शोधलं. वाफ्यांमधून, लाकडांच्या थप्पीमागून, कोंबड्यांच्या खुराड्यात.

"नाही," संध्याकाळी तो म्हणाला.

"मग राहू दे एक. दोनशे वीस काय कमी झाले?"

त्याने यंत्र खिशात घातलं. माझ्याकडे बघत राहिला... आणि रात्र नसलेल्या त्या उजेडात शीळ घालत निघून गेला.

रविवारी दहाची बस. मी ठरवलं होतं, थांब्यावर जायचं नाही. दहाला पाच कमी असताना सायकलवर होते. तो थांब्यावर उभा, पाठीवर पिशवी. मी पोचले तर तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! सावोच्या बाईच्या!

बस आली. दार उघडलं.

"चढताय ना?" ड्रायव्हर.

ताइस्तोने बसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नाही. एक डबा राहिलाय."

दार मिटलं. बस गेली! धूळ खाली बसली आणि तो तिथेच होता. मी घंटी वाजवत सायकलवरून थांब्याला सात फेऱ्या मारल्या. चर्चच्या घंटा आपोआप वाजायला लागल्या, गायी कुंपणाशी रांगेत उभ्या राहिल्या, सरोवरातले मासे हातभर वर उडाले. ऑगस्टमध्ये आम्ही लग्न केलं.

पण एक सल राहिला, तोही आज सांगते. तिथेच, थांब्यावर, मी त्याला विचारलं होतं, "ताइस्तो, खरं सांग. माझ्यासाठी थांबलास की डब्यासाठी?"

"डबा राहिलाय," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी विचारलं. "डबा राहिलाय." दर वर्षी विचारते. वीस वर्षं! बटाट्याचे वाफे दरसाल खणतो, सौन्याची फरशी दोनदा उचकटली, आणि उत्तर तेच. आता मला सांगा, ज्या डब्याला कधी जन्मच नव्हता, त्याचा मत्सर बाईने किती वर्षं करायचा?

असो. हरले तर मी नाहीच! एकतीस वर्षं मोजणी केलेला माणूस, माझ्या एका टिचकीला फसला, सात खुणांमागे माझ्या परसात आला, आणि अजूनही त्याला पत्ता नाही की—

"खोटं."

कोण बोललं? खिडकीपाशी पाव खाली ठेवला गेला.

"सात खुणा एका परसात पडत नाहीत," ताइस्तो म्हणाला. "तो पर्याय बदलला की प्रत्येक जागा वेगळ्या अंतराने सरकते. एक दलदलीत होती. तीन सरोवरात. एक पाद्रीबाबांच्या गोठ्यावर. दोन पार पलीकडच्या गावात. तुझ्या परसात एकही नाही. पडद्यावर बघितलं होतं मी, तुझ्या मागेच उभा होतो."

हातातला कप मी खाली ठेवला.

"मग तू घरी आलास कसा?"

"दुकानात विचारलं, वाचनालयातल्या बाई कुठे राहतात."

"आणि हातातलं यंत्र?"

"बंद होतं. सेल काढून ठेवले होते."

"रास्पबेरीखालचा डबा—"

"नव्हता. मला बघून तू आत पळालीस, डबा रिकामा केलास. मी पाठ करून उभा राहिलो, तुला ठेवता यावा म्हणून. सातवा ठेवला नाहीस, तेही शनिवारी दुपारीच कळलं. बाकी सहा ठिकाणी मातीत तुझ्या बुटांचे ठसे होते."

"अरे मग, 'डबा राहिलाय' काय म्हणालास!"

"बसमध्ये माणसं होती," तो म्हणाला. "सगळी ऐकत होती."

"इथेही ऐकतायत, ताइस्तो. साठ जणं आहेत."

"ऐकू देत. तुझ्यासाठी थांबलो."