देवाच्या डोळ्यांतली तेहतीस मिलीग्रॅम

"मायाप्पानं देवाचे डोळे कानसले, अण्णा! तेहतीस मिलीग्रॅम चांदी गेली. मी स्वतः तोललंय."

अंकुशराव दारातूनच बोलले. गुरुशांतप्पांनी काठी उचलली. निजामी पोलिसांतली नोकरी सोडून ते कल्याणीत खासगी तपास करत, आणि शाळेत विज्ञान शिकवणारे अंकुशराव बहुतेक तपासांत त्यांच्यासोबत असत.

वस्तीवरच्या बिरोबाचे चांदीचे डोळे जत्रेआधी एक रात्र ज्याची पाळी असेल त्याच्या घरी पूजेला जात. यंदा पाळी शाळेचा शिपाई मायाप्पा याची होती. पंचांनी ते जाता-येता शाळेच्या प्रयोगशाळेत तोलून घेतले. जाताना २४.३६६७ ग्रॅम, येताना २४.३३३३. आज सायंकाळी पंच मायाप्पाच्या घराची पाळी कायमची बंद करणार होते.

मायाप्पा प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकून उभा होता.

"घासलेस का रे?" गुरुशांतप्पांनी विचारलं.

"न्हाई अण्णा. धोतराच्या सोग्यानं पुसले, पाटावर ठिवले."

"घरात कोण होतं?"

"मी आन् म्हाळसा, माझी बायको." त्याची मान वर होईना. "पण मास्तरांचा आकडा खोटा कसा असंल?"

गुरुशांतप्पांनी बोलावून घेतलेल्या तुळजाराम सोनारानं भिंग लावून डोळे उलटून-पालटून पाहिले. "कानशीची एक रेघ न्हाई. आन् येवढ्या भुकटीसाठी देवाला कोण हात लावायलंय?"

"रेघ नाही, पण वजन तर कमी आहे," अंकुशराव ठासून म्हणाले.

गुरुशांतप्पांनी वही मागितली. पहिल्या दिवशी २४.३, २४.४, २४.४. दुसऱ्या दिवशी २४.३, २४.३, २४.४.

"तीनदा तोलून सरासरी काढली. पोरांना तसंच शिकवतो," अंकुशराव ऐटीत म्हणाले.

"तराजूच्या पेटीतलं सर्वांत लहान वजन कोणतं?"

"एक दशांश ग्रॅमचं."

गुरुशांतप्पांनी खिशातली किल्ली पारड्यात टाकली. "चारदा तोला."

अंकुशरावांनी तोललं. १८.२. १८.३. १८.२. पुन्हा १८.३.

"मास्तर, माझी किल्ली आत्ता कोणी कानसली?"

तुळजाराम हसला. अंकुशरावांचे कान तापले.

"हा तराजू एक दशांश इकडेतिकडे होतो," गुरुशांतप्पा शांतपणे म्हणाले. "त्याला दिसतो पहिलाच दशांश. पुढचे तीन आकडे तराजूनं दिले नाहीत, तुमच्या भागाकारानं दिले. खरं लिहायचं तर पहिल्या दिवशी २४.४, दुसऱ्या दिवशी २४.३, आणि दोन्हीपुढे 'एक दशांश कमी किंवा जास्त'. म्हणजे फरक सांगताच येत नाही. चोरी झालीय ती फक्त वहीत."

दशांशापुढचे ते चार आकडे किती देखणे दिसले होते! अंकुशरावांनी पंचांना ते मोठ्यानं वाचून दाखवले होते. आता स्वतःचंच अक्षर त्यांना बघवेना.

"मायाप्पा, चूक माझी. पंचांपुढे उभा राहून सांगतो."

मायाप्पानं डोळ्यांतलं पाणी पुसलं. "पंचांना सांगाल, मास्तर. पण तुमचा आकडा खरा धरून मी म्हाळसेवरच संशय घेतला, तिला बिरोबाची शपथ घ्यायला लावली. ती सकाळपास्नं जेवली न्हाई. तिला कोण सांगणार?"

पंचांची वेळ व्हायला अजून अवकाश होता. अंकुशरावांनी वही काखेत मारली आणि खाली मान घालून मायाप्पाच्या घराची वाट धरली.

दारात वहाणा काढून ते बाहेरच उभे राहिले. आतून बांगड्या वाजल्या, पण कोणी 'या' म्हटलं नाही.