झिजलेलं जहाज

"माझं नाणं कुठंय, मावशी?"

ठकूने खणांची लाकडी पेटी पलंगावर अशी आपटली की आतली नाणी उडून चादरभर विखुरली... आणि मावशी हातातली इस्त्री उभी करून जागच्या जागी थिजली. उद्या पोर नोकरीसाठी परगावी निघायची होती. तिच्या सामानात सगळ्यांत वर राहावी म्हणून मावशीने खणाखणाला नवं मखमली अस्तर लावून आज सकाळी ती पेटी तिच्या हाती दिली होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी येईल, ती गळ्यात पडेल, असं काहीबाही तिच्या वेड्या मनाने योजलं होतं... आणि झालं हे!

"अगं, हे काय, इथेच तर आहे तुझं जहाजाचं!" तिने चादरीवरचं तांब्याचं नाणं उचललं. "बघ तरी, शिडाची दोरी न् दोरी दिसते. असं मिळायला किती वर्षं..."

"हे नाही! माझं झिजलेलं होतं. त्यातलं जहाज दिसायचं नाही, नुसतं बोटाला लागायचं. आईचं नाणं होतं ते! तू... तू बदललंस?"

"हो," मावशी कशीबशी म्हणाली.

लपवण्यासारखं त्यात होतं तरी काय? मुळात हा सगळा नाद तिच्या ताईचा. ताई तिकिटाच्या खिडकीवर बसायची; सुट्ट्या पैशांत आलेली जुनी, परदेशी, चालेनाशी झालेली नाणी पदरमोड करून ठेवून घ्यायची आणि घरी आणून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. तिचं एकच म्हणणं असे, 'ढीग नको, निवड हवी. चांगलं मिळालं की झिजकं देऊन मोकळं व्हायचं.' वर्षाची पोर मागे ठेवून ती गेली, त्याआधी अंथरुणातून तिने त्या डब्याकडे बोट केलं होतं. 'अर्धवट राहिलंय गं... ठकूसाठी पुरं कर.' डब्यासंगे ताईचं घरही पुरं करायचं, असाच त्याचा अर्थ धाकटीने घेतला! स्वतःचं जुळत आलेलं लग्न मोडून ती भावजींच्या घरात बायको म्हणून आली, आणि इतकी वर्षं होऊनही तिच्या तोंडचं 'भावजी' काही सुटलं नाही. आठवडाभर हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींना खळ घालायची, इस्त्री करायची. सुटीच्या दिवशी नाणेवाल्या आजोबांच्या दुकानी जाऊन चार झिजकी द्यायची, एक नीट घ्यायची. आणि दर वेळी मनातल्या मनात विचारायची, 'ताई, तुला चाललं असतं ना?'

"आईचा धड फोटो नाही या घरात, एक साडी नाही, तिचं नाव कुणी काढत नाही!" ठकूचा आवाज चिरकला. "एक नाणं होतं, तेही पुसून टाकलंस! सख्खी बहीण ना तू तिची? शेवटी सवतच झालीस!"

"ठकू!" आतल्या खोलीतून तिचे वडील ओरडले.

"बोलू द्या, बाबा! मला आईचं एवढंच आठवतं. मी तापाने फणफणले होते, आणि तिने ते गार नाणं माझ्या मुठीत देऊन माझी मूठ आपल्या हातात गच्च धरली होती. म्हणाली, 'जहाज सोडू नकोस, आता किनारा येईल.' तिच्या बोटांना कसला स्वच्छ वास होता... अजून येतो मला!"

तो ताप! पोर तेव्हा चार वर्षांची होती... ताईला जाऊन तीन वर्षं लोटली होती. डब्यात हाताला लागलं ते नाणं मावशीनेच त्या तापलेल्या मुठीत दिलं होतं. तो हात तिचा होता!

शब्द अगदी ओठांवर आले. बोलली तर पोर आपली होईल... पण तिची आई जाईल, होती नव्हती तेवढी आई! मेल्या बहिणीच्या टाळूवरचं लोणी खाऊ मी?

"चुकलं माझं," एवढंच पुटपुटून तिने विखुरलेली नाणी पेटीत भरली, पायांत चपला सरकवल्या आणि ती पेटीसकट बाहेर पडली.

"बाई, असली झिजकी मी किलोवर भंगारात घालतो," नाणेवाले आजोबा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "तुमचं ते केव्हाच वितळलं असणार."

"एखादं पोतं उरलं असेल... हवी तर ही सगळी पेटी घ्या, आजोबा, पण मला शोधू द्या!"

"पेटी ठेवा तुमच्यापाशीच," म्हातारा हळहळून म्हणाला आणि त्याने मागच्या खोलीतली दोन पोती तिच्यापुढे ओढून दिली.

मावशी फरशीवर फतकल मारून बसली. एकेक नाणं अंगठ्याखाली धरायची, चाचपायची, बाजूला टाकायची. सगळीच सारखी गुळगुळीत, बिनचेहऱ्याची... तिची बोटं काळी पडली. दुपार कलली. एक पोतं सरलं, दुसरं निम्म्यावर आलं, आणि दारात कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. ठकू होती. चेहरा पांढराफटक.

"बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "त्या तापात आई नव्हतीच."

"त्यांचं काय ऐकतेस! त्यांना आजकाल काय आठवतंय?" मावशी घाईघाईने म्हणाली. "ताईच होती ती. मी पाहिलंय ना..."

"मावशी, पुरे गं! किती खोटं बोलशील माझ्यासाठी?" पोर तिच्यापुढे मटकन बसली. "सकाळीच कळलं होतं ना तुला? मी नाही नाही ते बोलले, तेव्हाही गप्प राहिलीस!"

"तुला आई हवी होती गं..."

"होतीच की!"

मावशीला हुंदका फुटला. हे ऐकण्यासाठी तिने उभा जन्म वाट पाहिली होती, आणि आता ऐकवत नव्हतं! ठकूने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "मग माझी ती आई कुठे गेली? मला तर तिचं काहीच आठवत नाही, मावशी... काहीच!"

आज मावशीची ताई दुसऱ्यांदा गेली होती. भावजींनी दुःखाच्या भरात तिचे कपडे, फोटो देऊन टाकले, आणि पोरीला त्रास नको म्हणून तिने स्वतः कधी ताईचं नाव घेतलं नाही. जपता जपता दोघांनी मिळून घरातून ताईला पुसूनच टाकलं होतं! सकाळी पोर बोलली त्यात खोटं काही नव्हतं.

उरलेलं पोतं दोघींनी मिळून उपसलं. जहाज मिळालं नाही. आजोबांनी दिवा लावून दिला.

"कशी होती गं ती?" ठकूने विचारलं.

मावशीने पदराने डोळे टिपले. काळ्या बोटांचा डाग गालभर उमटला.

"भांडकुदळ होती," ती म्हणाली. "खिडकीवर कुणी रांग मोडली की पार बाहेर येऊन हात धरून मागे नेऊन उभं करायची. आणि घरी आली की मला नक्कल करून दाखवायची, त्या माणसाची..." तिचा आवाज फुटला.

"आणि?" ठकू म्हणाली.

मावशी पुढे सांगू लागली.